धातू

शब्दकोशाच्या वजनाने कपाटाची फळी वाकली,
तेव्हा फळीचं माप न घेता
तो जाडजूड कोशच उचलला
आणि खोर्जुव्याचा पूल ओलांडून
हळदोण्याला मेस्त आवेलिनोकडे गेलो.
"पुस्तक कशाला आणलंस?"
"फळीला किती सोसायचंय ते तुला कळावं म्हणून."
त्याने तो दोन्ही हातांवर तोलला, बाजारात इसवण तोलावा तसा,
आणि रंध्यातून निघालेल्या भेंडोळ्यांवर ठेवला.

दुकानात एक पाळणा होता, अर्धा.
भिंतीला टेकून एक पेटी, पुरी.
पाळणा कुन्यांच्या सुनेचा.
पेटी कुणाची, ते ठरलं नव्हतं,
"पण एखादी तयार असलेली बरी."

"वाच कितें तरी, मास्तर.
शाळेत तू धडा वाचायचास
आणि मी बाकावर होडी कोरायचो."

पान उघडलं ते *बेरन*पाशी.
हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी. अर्थ: वाहणे.
म्हटलं, या एका धातूपासून—
"धातू? मी लाकडाचा माणूस."
बरं, मूळ म्हण.
"हां. मूळ चालेल."

या मुळापासून बर्डन, म्हणजे ओझं.
बॅरो, ती म्हापशाच्या बाजारात नारळ नेतात ती हातगाडी.
बर्थ, जन्म.
बेअर, सोसणं; फळी सोसते तेही, बाई सोसते तेही.
आणि बीअर.
"बीअर!" रंधा टेबलावर आपटून तो हसला.
पिण्याची नव्हे रे, तिचं घराणं वेगळं.
ही ती, जिच्यावर मेलेल्याला ठेवून नेतात.
त्याने भिंतीकडे पाहिलं. "असं."

आपल्याकडेही आहे ना तेच मूळ,
भार, गवताचा भारा, भर्तार...
"भर्तार?"
नवरा. वाहणारा.
आतून, मासळीची खवलं काढता काढता, एस्मेराल्दा म्हणाली,
"गॅसचा सिलिंडर तीन दिवस दारात आहे."

मीही हसलो. त्या भरात पुढची ओळ वाचून गेलो.
*बेअर्न*: मूल. पोटात वाहिलं म्हणून.
तिकडे उत्तरेला, स्कॉटलंडात, अजून म्हणतात.

आतला नळ बंद झाला.

"मूल," आवेलिनो म्हणाला, "आणि ती पेटीची बीअर.
दोन्ही एका मुळाची?"
हो.
"लिहिलंय तसं?"
लिहिलंय.

त्याने दोन तळहात समोर धरले,
मधे अंतर ठेवून, पावाच्या पाटीपेक्षा कमी.
"बेनिल्दाची एवढी होती. आंब्याच्या फळीची.
तिला चार माणसं लागली नाहीत.
डाव्या काखेत मी, एकटा, सिमितेरीपर्यंत.
उजव्या हातात छत्री. ऊन होतं."

भेंडोळ्यांतून एक मुंगळा कोशावर चढला,
पानाच्या कडेने चालत राहिला.
मी त्याला उडवलं नाही.

"मास्तर, बघ जरा.
या मुळाला खाली ठेवण्याचा शब्द
फुटलाय का कुठं?"

मी पान पुढे उलटलं. मग मागे.
चष्मा पुसला. पुन्हा पुढे.
तो थांबून होता, मापं घेताना थांबतो तसा, श्वास धरून.
मग त्यानेच कोश मिटला.

"तुझी फळी वाकलीय, मोडली नाही.
उलटी करून बसव.
आणखी वीस वर्षं सोसेल."
नव्या फळीचं नाव काढू दिलं नाही. पैसेही नाहीत.
मी निघालो तेव्हा तो सिलिंडर खांद्यावर घेत होता.

म्हणे मेस्त आणि मास्तर हेही एकाच शब्दाचे दोन फाटे.
ते सांगायचं राहिलं.

पुलाच्या मध्यावर हात भरून आले.
कोश या बाजूने त्या बाजूला घेतला,
आणि पाहिलं तर
तो डाव्या काखेत होता.